आयर्न मेडन, बंगळुरू २००९ : गर्दीतून केलेल्या एका रेकॉर्डिंगची दुरुस्ती

१५ फेब्रुवारी २००९ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘रॉक इन इंडिया’ महोत्सवात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत उभे राहून केलेले त्याचे रेकॉर्डिंग माझ्या पुण्याच्या मित्राकडे बरीच वर्षे नुसते पडून होते. ते ऐकण्याजोगे करून नीट जतन करण्याचे काम मी अलीकडेच पूर्ण केले. अशा जुन्या फाइली आणखी काही जणांच्या कपाटात नक्की असतील, म्हणून ही सगळी प्रक्रिया तपशिलाने लिहीत आहे. ज्या जगभराच्या दौऱ्यात हा कार्यक्रम झाला, त्याची सुरुवात आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाली होती. तो कार्यक्रम पाहिलेले आणि हुकलेले असे दोन्ही प्रकारचे लोक २००९ मध्ये मुंबई-पुण्याहून बंगळुरूला गेले, आणि त्यांत आम्हीही होतो.

आधी कायद्याविषयी. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकारांच्या हक्कांना स्थान मिळाले आणि आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण कोणी करावे हे ठरवण्याचा अधिकार कलाकाराकडे आला. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, रेकॉर्डिंग करणाऱ्याने ते केवळ स्वतःच्या खाजगी वापरासाठी केले असेल, तर त्या हक्काचा भंग होत नाही. तिकिटावरच्या अटी हा त्याहून वेगळा विषय आहे. म्हणून हे रेकॉर्डिंग विकायचे नाही, कोठेही चढवायचे नाही आणि मित्राच्या संग्रहाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हे आम्ही कामाला हात लावण्यापूर्वीच ठरवले. ज्या बँडवर प्रेम आहे त्याच्या कमाईला धक्का लावून केलेले जतन मला जतन वाटत नाही.

मित्राने वापरलेला रेकॉर्डर एडिरॉलचा आर-०९ होता. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ रेकॉर्डिंग केले की मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट जागा लागते, त्यामुळे जवळजवळ दोन तासांचा कार्यक्रम २ गिगाबाइटच्या एकाच फाइलमध्ये मावतो. त्याने आतले माइक न वापरता टोपीच्या दोन बाजूंना लहान माइक लावले होते, आणि साउंड इंजिनिअरच्या टेबलापासून थोड्या अंतरावर, जवळपास मध्यरेषेवर तो उभा होता. ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. कार्यक्रमाचा सगळा तोल तो इंजिनिअर त्याच्या टेबलाजवळ जसा ऐकू येतो तसाच साधत असतो. अगदी पुढच्या रांगेत मात्र ड्रम आणि बाजूचे बेसचे स्पीकर इतके अंगावर येतात की गायकाचा आवाज मागे पडतो.

पहिली तपासणी डोळ्यांनी करायची असते. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइलचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारता किती जोरात आहेत याचे चित्र) पाहिला, की ती मूळ आहे की कधीतरी आकार कमी करणाऱ्या एमपी३मध्ये जाऊन परत वेव्ह या न दाबलेल्या प्रकारात आलेली आहे, हे बहुतेक वेळा कळते, कारण एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सुरीने कापल्यासारखा नाहीसा झालेला असतो. आमच्या फाइलमध्ये झांजांचा पसारा थेट वरपर्यंत पोचलेला दिसला आणि मी निश्चिंत झालो. त्यानंतर मूळ फाइलची प्रत काढून तिची एमडी५ बेरीज (फाइलमध्ये काही बदलले तर लगेच कळावे म्हणून काढलेला ओळख-आकडा) नोंदवली आणि पुढचे सगळे काम केवळ प्रतीवरच केले.

मेटलच्या रेकॉर्डिंगमध्ये खरी अडचण येते ती आवाज फाटण्याची. मैदानावर आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला माइकची लहानशी सर्किट हतबल होते. फाटलेली टोके दुरुस्त करणारी साधने मिळतात, परंतु ती टोक सपाट झालेल्या लहरी शोधतात, आणि डिस्टॉर्शन (मुद्दाम आवाज फाडणारा परिणाम) लावलेल्या गिटारची लहर मुळातच चेपलेली असते. एड्रियन स्मिथ, डेव्ह मरे आणि यानिक गर्स असे तीन गिटारवादक एका वेळी वाजवत असताना कोणता खरखरीतपणा त्यांच्या अँपमधला आणि कोणता आमच्या माइकमधला, हे कोणताही प्रोग्रॅम ठरवू शकत नाही. ते कानानेच ठरवावे लागते. मी ते साधन संपूर्ण फाइलवर चालवले नाही. बेस ड्रम एकटा ऐकू येतो अशा जागा निवडून तेवढ्याच दुरुस्त केल्या, आणि गिटारच्या दाट भागांत जे फाटले होते ते तसेच राहू दिले.

इक्वलायझेशनसाठी, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारता कमी-जास्त करण्यासाठी, एक आधार मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. मेडनचा कार्यक्रम संपला, की ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी गटाच्या १९७९ सालच्या चित्रपटातले शेवटचे गाणे मोठ्या स्पीकरांवर लावले जाते. बहुतेक लोक तोपर्यंत रेकॉर्डर बंद करून बाहेरची वाट धरतात, पण माझ्या मित्राने तो चालू ठेवला होता. ते गाणे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असून त्याची सीडी माझ्याकडे आहे. सीडीवरचे गाणे आणि मैदानावरून माइकमध्ये आलेले तेच गाणे यांचे आलेख शेजारी ठेवल्यावर स्पीकर, मैदान, माणसांची गर्दी आणि माइक यांनी मिळून आवाजाला काय केले, ते स्पष्ट दिसले : सत्तर ते शंभर हर्ट्झच्या आसपास मोठा फुगवटा, अडीचशे ते चारशेच्या दरम्यान गढूळपणा, आणि चार हजारांच्या वर हळूहळू उतरत जाणारी रेषा. अखेरचे गाणे कमी आवाजात लावतात, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. दिशा मात्र तिने अचूक दाखवली.

बेस कमी करताना मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस याचे वादन नाहीसे होईल अशी भीती होती. तसे झाले नाही. हॅरिस बोटांनी इतक्या जोराने तारा छेडतो की त्या पट्टीवरच्या फ्रेट्सवर (धातूच्या आडव्या कड्यांवर) आपटून खणखणतात, आणि तो खणखणाट दोन-तीन हजार हर्ट्झमध्ये असतो. खालचा फुगवटा काढल्यावर त्याच्या वादनाची घोडदौडीसारखी लय उलट मोकळी झाली. १९८४ च्या अल्बममधले जवळपास पावणेचौदा मिनिटांचे दीर्घ गाणे या दौऱ्यात पूर्ण वाजवले जात असे. त्याच्या मधल्या संथ भागात आता बेसचा एकेक स्वर वेगळा ऐकू येतो, आणि या सगळ्या कामातला माझा सर्वात मोठा आनंद तो आहे.

कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, गर्दी पुढे सरकताना, माइकची वायर ओढली गेली आणि उजवा चॅनल काही काळ बंद पडला. सुदैवाने आमच्याच गटातल्या आणखी एकाने मैदानाच्या डाव्या बाजूने साध्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग केले होते. दोन रेकॉर्डिंगे जुळवणे हे वेळखाऊ काम असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासूनच्या अंतरात ३४ मीटरचा फरक असेल तर एकदशांश सेकंदाचा फरक पडतो, आणि तो एका ठिकाणी जुळवून भागत नाही, कारण दोन रेकॉर्डरांची आतली घड्याळे कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत वीस इतकी सूक्ष्म तफावत शंभर मिनिटांत ०.१२ सेकंदांवर जाते, आणि तेवढ्याने प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते. सुरुवातीचा एक ठोका आणि शेवटचा एक ठोका हेरून, दुसऱ्या फाइलची लांबी त्या प्रमाणात बदलून मी ती बसवली, आणि ती केवळ त्या बंद पडलेल्या भागातच वापरली. दोन्ही रेकॉर्डिंगे सर्वत्र एकत्र केली, तर काही वारंवारता एकमेकींना खोडतात आणि झांजा पोकळ वाटू लागतात. वाऱ्याच्या झोताने मध्येच वरचे स्वर जातात-येतात, त्यावर मात्र माझ्याकडे इलाज नव्हता.

आता गर्दीविषयी, कारण माझे सर्वात ठाम मत त्याविषयीच आहे. ‘नॉइज रिडक्शन’ लावून प्रेक्षकांचा गोंगाट कमी करावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा आहे, कारण गर्दीचा गलका आणि झांजांचा नाद वारंवारतेच्या एकाच पट्ट्यात असतात, आणि एक काढताना दुसरा पाण्याखालून आल्यासारखा होतो. पण ते सहज शक्य असते तरीही मी केले नसते. बँडचे स्वच्छ ध्वनिमुद्रण हवे असेल, तर मेडनचे अधिकृत लाइव्ह अल्बम आहेत. पॅलेस ग्राउंड्सवर त्या रात्री जमलेल्या लोकांचे ध्वनिमुद्रण फक्त असेच होऊ शकते. सुरुवातीला चर्चिलचे भाषण स्पीकरवर लागताच ते पाठ असलेला जमाव आमच्याभोवती ते शब्द म्हणू लागतो. १९९२ च्या अल्बमच्या शीर्षकगीतात गिटारची धून सगळे मैदान तोंडाने गाते. एका शांत जागी माइकजवळून स्पष्ट मराठीत ‘अरे, त्याला श्वास घेऊ दे, मागे सरका’ असे कोणीतरी ओरडते. ते कोण होते हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नाही. ते वाक्य मी कापले नाही. कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या आणि अगदी माइकलगतच्या टाळ्या तेवढ्या एकेक करून हाताने खाली आणल्या.

शेवटी फाइलचे गाण्यांनुसार तुकडे केले. सीडीसाठीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रतीत प्रत्येक तुकडा ५८८ सॅम्पलच्या (सीडीवरच्या एका फ्रेमच्या) पटीत कापला, म्हणजे दोन गाण्यांमध्ये टक असा आवाज येत नाही. सगळे फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवले, कारण त्यात आकार कमी होतो पण एकही बिट हरवत नाही. सोबतच्या मजकूर फाइलमध्ये माइक, रेकॉर्डर, उभे राहण्याची जागा, केलेले प्रत्येक इक्वलायझेशन, आणि दुसऱ्या रेकॉर्डरचा भाग नेमका कोठून कोठपर्यंत जोडला आहे, हे लिहिले. मूळ २४ बिटची फाइल काहीही न बदलता दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर आहे, जेणेकरून माझ्यापेक्षा चांगला कान आणि चांगली साधने असलेल्या कोणाला हे काम पहिल्यापासून करावेसे वाटले, तर माझ्या निर्णयांचा अडथळा होणार नाही.