चितार आळीतलं बोंडू

तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडी रोडला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टेशन गावाबाहेर, त्यामुळे रिक्षा केली आणि मळगावची घाटी ओलांडून लेकीला घेऊन सरळ लाकडी खेळण्यांची चितार आळी गाठली. जेवण नंतर, आधी दुकानं, हे दादरलाच ठरलं होतं.

माझं आजोळ इथलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याआधी मे महिन्यात आम्ही मुंबईहून रातराणी एसटीनं यायचो. मोती तलाव दिसला की आई पिशवीतून कंगवा काढायची. त्या काळी मुंबई-गोवा हमरस्ता गावातूनच जायचा. गोव्याला निघालेली माणसं तलावाकाठी चहाला थांबायची आणि पाय मोकळे करता करता लाकडी खेळणी घेऊन जायची. आता झाराप-पत्रादेवी रस्ता गावाला बाहेरूनच वळसा घालतो. गाव निवांत झालं, ते मला आवडतंही. पण त्या थांबणाऱ्या गाड्यांवर कितीतरी दुकानं चालायची.

मंगळवारी आठवड्याचा बाजार. आजी आमसुलं, सुकी सुंगटं आणि कुळथाचं पीठ घ्यायची. मार्च-एप्रिलात कधी आलो तर सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, असायचे. त्या वासानं एसटीतली मळमळ अजून पोटात असली तरी विसरायला व्हायची. हे सगळं झालं की आजी म्हणायची, "चल, एकच घेवचा हां." आणि आम्ही चितार आळीत शिरायचो.

लाकडी फळांनी भरलेली सुपं दाराशीच मांडलेली असायची. आंबे, केळी, सीताफळं, अर्धं सोललेलं संत्रं. मी निवडलं ते काजूचं बोंडू. लालसर पिवळं, आणि खाली करड्या रंगाची बी. ती बी वेगळी घडवून खाली चिकटवलेली होती, जवळून पाहिलं की सांध्याची बारीक रेघ दिसायची. मी रात्री उशीखाली ते बोंडू घेऊन निजायचे आणि अंधारात त्या रेघेवर नख फिरवायचे.

दुकानाच्या मागच्या पडवीत लेथ असायची. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून खेळण्यांना तेच वापरायचे. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढायची, मग केवड्याचं पान दाबून तिला चकाकी आणायची. एक पांढरंफटक लाटणं माझ्या डोळ्यांसमोर लालभडक झालेलं मला आठवतं. खेळणं कुणाच्या तरी हातातून जन्मतं, हे मला तिथं कळलं. आजकालच्या मुलांना ते कुठं दिसणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, त्याही याच गावच्या. दशावतारी गंजिफेची गोल पानं १२०, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराची बारा. ही कला संपत आली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कलाकार बसवले, म्हणून आज ती आपल्याला बघायला मिळते. या एका गोष्टीसाठी मला त्या दोघांबद्दल फार आदर आहे.

आळीत आता दुकानं मोजकीच उरली आहेत. काही ठिकाणी प्लास्टिकच्या गाड्या पुढे आणि लाकडी फळं मागच्या फळीवर. एका दुकानात म्हातारे आजोबा बसले होते.

"खयच्या तुमी?"

"आजोळ सालईवाड्यात."

"मगे आमच्याच म्हणा!"

बोंडू आहे का विचारलं, तर त्यांनी फळीवरून एक काढून फडक्यानं पुसून दिलं. "पांगारो आता गावणा नाय," म्हणाले. हातात घेतलं तेव्हा वजन जरा जास्त वाटलं. मी बीखालची रेघ शोधली. होती.

लेकीनं मात्र भोवरा उचलला. तिला जाळी गुंडाळता येईना. आजोबा गल्ल्यावरून उठले, तिच्याशेजारी जमिनीवर उकिडवे बसले आणि दोरीचा पहिला वेढा स्वतः घालून दिला. दोनदा भोवरा आडवा पडला. तिसऱ्यांदा गुणगुणत उंबऱ्यापर्यंत गेला.