डोळ्याला पाणी दिसतं, पातळी दिसत नाही

"विहिरीत डोकावलं की पाणी दिसतंच, मग दर महिन्याला टेप सोडून मोजायचं कशाला?" हे मला नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

महिन्याला पाच सेंटिमीटर पाणी उतरलं तर कुणाच्याच लक्षात येत नाही. वर्षाचे ते साठ होतात. आणि आपण मात्र छातीठोकपणे सांगतो, गेल्या वर्षीही एवढंच होतं!

काहीजण दगड टाकून अंदाज घेतात. दोन सेकंदांनी आवाज आला तर पाणी साधारण साडेअठरा मीटरवर. पण घड्याळ थांबवायला पाव सेकंद उशीर झाला, तर जवळपास पाच मीटरांची चूक.

माझी पद्धत जुनीच आहे. स्टीलच्या टेपच्या टोकाला छोटं वजन बांधायचं आणि खालच्या मीटरभराला निळा खडू फासायचा. परवा टेपवरचा 12 मीटरचा आकडा कठड्यावर रंगाने केलेल्या खुणेला टेकवला, क्षणभर थांबले आणि टेप वर ओढला. भिजलेला खडू गडद होतो, ओल्या-कोरड्याची रेघ स्वच्छ दिसते. ओला भाग 37 सेंटिमीटर भरला. म्हणजे पाणी खुणेपासून 11.63 मीटर खाली. पाण्याला टेकताच वाजणारा विजेचा टेपही मिळतो आणि तो झटपट काम करतो. फक्त बोअरच्या भिंतीवरून पाणी ओघळत असेल तर तो आधीच वाजतो.

सगळं अवलंबून असतं त्या रंगाच्या खुणेवर. सुरुवातीला एकदा मी कठड्याच्या दुसऱ्या बाजूने मोजलं. ती बाजू सहा सेंटिमीटर खाली होती, आणि वहीत पाणी तेवढंच चढलेलं दिसलं. पंपाचंही तसंच. उपसा चालू असताना घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, पंपाने पाडलेल्या खड्ड्याचा असतो. पंप बंद करून थांबायचं, थोड्या थोड्या वेळाने मोजायचं आणि आकडा हलायचा थांबला की मगच लिहायचा.

खोल बोअरमध्ये तर आणखी गंमत. पाऊस नाही, उपसा तेवढाच, तरी पाणी काही सेंटिमीटर वर आलेलं असतं. वरच्या घट्ट थराखाली दाबलेलं पाणी हवेचा दाब उतरला की बोअरमध्ये चढतं, दाब वाढला की उतरतं. म्हणून तारीख, वेळ आणि पंप कधी बंद केला याच्या शेजारी आता मी हवेचा दाबही लिहिते.