माणगावचा यशवंत
गावाला जाताना आज माणगावात थांबलो. पाऊस रिपरिप चालू होता. तहसील कचेरीच्या आवारात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. इतकी वर्षं याच रस्त्यानं जातोय, पण समोर जाऊन उभा राहिलो तो आजच.

माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचा हा पोरगा, सैन्याच्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत नाईक या हुद्द्यावर. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीचे सगळे जवान पडले, काही ठार, काही जखमी. उरले एकटे हेच. थेट त्या गनवर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन. मॅगझिन बदलायलाही सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं घेतलं आणि स्नायपरच्या गोळ्यांनी तिथंच गेले.

वय अवघं २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मरणोत्तर. कबर नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. ते वाचलं तेव्हा खरंच भरून आलं होतं.

निघताना मुलीनं विचारलं, "बाबा, ते परत घरी आलेच नाहीत?"

तिचा हात धरून पुन्हा पुतळ्यापाशी गेलो.