तादामी लाइनवरचा आजचा दिवस

आज पहाटे उठून जपानमधल्या आयझू-वाकामात्सुहून तादामी लाइन या रेल्वेमार्गाची पहिली गाडी पकडली. कोइदेपर्यंत १३५ किलोमीटर, साडेचार तास. दोन डब्यांची डिझेल गाडी, खाली तादामी नदी, पाण्यावर धुकं. पहिल्या पुलावर गाडी हळू झाली आणि डब्यातले सगळे खिडकीशी. मीही.

२०११ च्या जुलैत अतिवृष्टीने या मार्गावरचे तीन पूल निकामी झाले होते. आयझू-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा तब्बल अकरा वर्षं बंद होता, तिथे बस धावायची. तोट्यातला मार्ग, कायमचा बंद होणंच सोपं होतं. पण गावं अडून बसली. शेवटी त्या तुकड्याचे रूळ-पूल फुकुशिमा प्रांताने स्वतःकडे घेतले, गाड्या जेआर ईस्ट ही रेल्वे कंपनी चालवते. १ ऑक्टोबर २०२२ ला मार्ग पुन्हा सुरू झाला. त्या तुकड्यावर आजही दिवसाला जेमतेम तीनच फेऱ्या आहेत, म्हणजे एक चुकली की तासन्‌तास बसा.

तादामीच्या अलीकडे शेतात एक आजी कंबर सरळ करून उभ्या राहिल्या आणि गाडीकडे बघून दोन्ही हात हलवले. मी पण हलवले, गाडी वळेपर्यंत.