पुढच्या चाकात किती, मागच्या चाकात किती?

माउंटन बाइक चालवणाऱ्या कुणाशी ओळख झाली की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो: “टायरमध्ये हवा किती ठेवता?” नवीन सायकल घेतलेले विचारतात, वर्षानुवर्षं चालवणारेही विचारतात. तुम्हीही विचाराल म्हणून माझा आकडा आधी सांगून टाकते. पुढे १९ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच), मागे २२. माझं वजन ६२ किलो, टायर २.४ इंची, रिम आतून ३० मिलिमीटर रुंद आणि चाकं ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेली. यातली एक जरी गोष्ट तुमच्याकडे वेगळी असेल, तर हा आकडा तुमच्या कामाचा नाही. तो शोधायचा कसा, हे मात्र कुणालाही शिकता येतं आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

योग्य हवा म्हणजे कमीत कमी हवा. रिम दगडावर आपटू नये आणि वळणावर टायर दुमडू नये, एवढी असली की पुरे. त्याहून जास्त भरलेला प्रत्येक पीएसआय पकड कमी करतो.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बघून हवा भरणारे पुष्कळ आहेत. तिथे बहुधा कमाल मर्यादा लिहिलेली असते, ‘याच्या वर जाऊ नका’ एवढंच ती सांगते. रिमलाही स्वतःची कमाल मर्यादा असते. काही रुंद रिमांच्या बाबतीत ती टायरवरच्या आकड्यापेक्षा कमी भरते, आणि दोन्हींतली जी कमी असेल ती पाळायची. खडबडीत वाटेवर चालवण्यासाठीचा आकडा या दोन्हींच्या बराच खाली असतो.

कडक टायर वेगाने पळतो, हा समज जायला फार वेळ लागतो, कारण गुळगुळीत डांबरावर तो बऱ्याच अंशी खरा आहे. टायर फिरताना जमिनीपाशी सतत दबतो आणि सुटतो. या दबण्या-सुटण्यात रबर आणि आतलं कापड थोडी ऊर्जा खातात, आणि हवा जास्त असेल तर टायर कमी दबतो, म्हणून ऊर्जाही कमी जाते. पण मुळं, खडी आणि दगड असलेल्या वाटेवर दुसरंच काही घडतं. कडक टायर दगडाला आपल्या पोटात घेत नाही, त्याच्यावर चढतो. म्हणजे सायकल आणि तुम्ही, अख्खं वजन दर दगडाला थोडं वर उचललं जातं आणि खाली आपटतं. तो वेग तुमच्या पायांनी कमावलेला असतो आणि तो हातापायांच्या, पाठीच्या थरथरण्यात जिरून जातो. मऊ टायर तोच दगड स्वतःत बुडवून घेतो आणि चाकाचा आस जवळपास सरळ पुढे जातो. चढावर मागचं चाक खडीवर नुसतं फिरत असेल, तर पायातला जोर वाढवण्याआधी टायरमधली हवा तपासा.

पकडीचा हिशेब साधा आहे. माझं वजन, सायकल आणि पाठीवरचं सामान मिळून ८० किलो धरा. बसून चालवताना त्यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे ४८ किलो. २२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलो दाब. तेव्हा तो भार पेलायला टायरचा अंदाजे ३१ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकायला हवा. हवा ४४ केली की हा भाग निम्मा होतो. टायरच्या बाजूंचा कडकपणाही थोडा भार पेलतो, त्यामुळे हे गणित काटेकोर नाही. तरी टायरचे किती नॉब, म्हणजे रबराचे उंचवटे, मातीत रुततात आणि किती नुसते हवेत राहतात, हे त्यातून डोळ्यांसमोर येतं.

मग हवा कमी करत करत किती खाली जायचं? खालची हद्द तीन गोष्टी ठरवतात. ट्यूब असेल तर दगड आणि रिम यांच्यात ती चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सापाच्या दातांच्या खुणांसारखी ती जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. ट्यूबलेसमध्ये हे पंक्चर होत नाही, पण रिमची कड वाकते किंवा टायरचं कापडच कापलं जातं. तिसरी गोष्ट वळणावर होते. बाजूने जोर आला की टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दुमडते, हँडल वळवल्यानंतर सायकल क्षणभर उशिरा वळते, आणि ट्यूबलेस टायर रिमपासून क्षणभर सुटून ‘फुस्स’ करून हवा सोडतो.

सुरुवात कुठून करायची, यासाठी ट्यूबलेस टायरचा एक ठोकताळा मला बरा वाटतो. स्वतःचं वजन पौंडांत घ्या, त्याला ७ ने भागा. आलेल्या आकड्यातून १ वजा केला की पुढची हवा, आणि त्यात २ मिळवले की मागची. ७० किलो म्हणजे १५४ पौंड, भागिले ७ म्हणजे २२, म्हणून पुढे २१ आणि मागे २४. हा ट्रेलवर चालणाऱ्या साधारण २.२ ते २.४ इंची टायरचा प्रारंभ आहे. आत ट्यूब असेल तर दोन्हींत ४-५ पीएसआय वाढवा. टायर २.६ असेल तर २-३ कमी करा, कारण टायर जितका रुंद तितका त्याच दाबाला त्याच्या कापडावर ताण जास्त येतो आणि तो आधीच कडक लागतो. चार-पाच इंची फॅट टायरचं जग निराळं. तिथे ५ ते १० पीएसआयमध्ये काम होतं, आणि वाळूवर किंवा बर्फावर त्याहूनही खाली जातात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. पुढचं चाक आणि मागचं चाक यांची कामं वेगळी आहेत, म्हणून त्यांची हवा दोन वेगवेगळ्या कारणांनी ठरते. नुसतं ‘मागे दोन जास्त’ म्हणून भागत नाही. मागच्या चाकावर भार जास्त असतो, आणि दगडावरून जाताना पुढचं चाक तुम्ही उचलता, हलकं करता, वाट निवडून नेता, मागचं मात्र मागून येतं आणि सगळे मार खातं. तेव्हा मागची हवा रिमचा बचाव बघून ठरवायची. पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून पुढची हवा पकड बघून ठरवायची. एकच बटण फिरवल्यासारखे दोन्ही टायर एकदम कमी-जास्त केले, तर काय बदललं आणि कशामुळे बदललं, हे कधीच कळत नाही.

शोधताना मी वाटेचा एक छोटा तुकडा निवडते. पाच मिनिटांत परत वर येता येईल असा, ज्यात एक सैल मातीचं वळण, थोडे दगड आणि शक्य असेल तर एक मुळांचा पट्टा आहे. अनोळखी वाट नको. तिथे लक्ष वाट शोधण्यात जातं. आधी मागचा टायर जसा आहे तसा ठेवून पुढचा एकेक पीएसआय कमी करत जायचा आणि दर वेळी तोच तुकडा, शक्यतो त्याच वेगाने. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत हातांना फरक जाणवतो. मनगटात येणारी टकटक कमी होते. मग वळणात फरक पडतो, चाक बाहेर सरकायच्या ऐवजी मातीत बसतं. आणखी खाली गेलं की एका पायरीला हँडल जड वाटतं, जमीन आणि हात यांच्यामध्ये काहीतरी चिकट आल्यासारखं वाटतं आणि जोरात वळताना टायर बाजूला झुकतो. ही पायरी एकदा अनुभवावीच, सावकाश, पडायला मोकळी जागा असेल तिथे. तिच्यावर एक ते दीड पीएसआय वर, तुमचा पुढचा आकडा.

मागच्यासाठी कान लागतात. दगडावर रिम टेकली की ‘टंग’ असा धातूचा किंवा कार्बनचा कोरडा आवाज येतो, आणि एकदा ऐकला की तो विसरत नाही. मागची हवा कमी करत जाताना असा आवाज पहिल्यांदा आला की थांबायचं आणि २ पीएसआय वाढवायचे. रिम कार्बनची असेल तर त्या आवाजाची वाट न बघता आधीच थांबा. तो शोध फार महागात पडू शकतो. रिमभोवती आत फोम बसवलेला असेल तर आवाज मुका होतो आणि थोडं आणखी खाली जाता येतं. पण फोम आहे म्हणून वळणातला दुमडणारा टायर सुधारत नाही, हे धरून चाला. त्यासाठी जाड केसिंगचा, म्हणजे आतलं कापड जाड असलेला, टायर हवा. जाड केसिंगचा टायर जड असतो आणि चढावर ते वजन कळतं. तरी दगडाळ वाटांवर मागे जाड आणि पुढे पातळ केसिंग ही जोडी मला सर्वांत पटते.

या सगळ्यासाठी गेज धड असायला हवा. मोठ्या पंपावरचा गेज बहुधा १६० पीएसआयपर्यंतचा असतो आणि २० च्या आसपास त्याची सुई कुठेही दाखवू शकते. ० ते ३० किंवा ० ते ६० पर्यंतचा वेगळा गेज, किंवा डिजिटल गेज, हा मला कुठल्याही महागड्या सुट्या भागापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. तो २ पीएसआय चुकीचा दाखवत असला तरी चालतं. दर वेळी तेवढाच चुकायला हवा, म्हणजे तुमचा आकडा तुमच्यापुरता खरा राहतो. याच कारणाने दुसऱ्याच्या पंपावर आपला आकडा भरू नये.

तापमान आणि उंचीही हवा बदलतात. २२ पीएसआय भरलेला टायर १५ अंश थंड झाला की जवळपास २ पीएसआय कमी दाखवतो. दुपारी उन्हात तापलेल्या खोलीत भरलेली हवा पहाटे वाटेवर कमी भरते ती यामुळे, गळतीमुळे नाही. उलट गाडीने हजार मीटर वर गेलात तर बाहेरचा दाब सुमारे दीड पीएसआय घटतो आणि टायर तेवढा कडक होतो, मात्र वर गारठा असतो आणि तो यातलं थोडं परत खातो. म्हणून अखेरचं मोजमाप वाट सुरू होते तिथेच करा.

उरलेलं थोडक्यात. चिखल किंवा ओली मुळं असतील तर एखादा पीएसआय कमी, धारदार दगड आणि मोठ्या उड्या असतील तर दोन जास्त. लांब, उभ्या उतारावर भार पुढे येतो, म्हणून तिथे पुढे एक वाढवला की हात स्थिर राहतात. मोटर असलेली सायकल आठ-दहा किलोंनी सहज जड असते, तिला मागे जास्त लागतं. पाठीवर पाण्याची भरलेली पिशवी असेल तर तीही वजनात धरा.

फोर्क आणि शॉकशी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनशी, खेळण्याआधी टायर ठरवा. दगडाची धडक पहिल्यांदा टायर घेतो, त्यामुळे तो कडक असताना फोर्क मऊ करून काही साधत नाही आणि हात दुखायचे ते दुखतातच. आणि सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधली छोटी भोकं बुजवणारं द्रव, आत घातलं म्हणजे कायमचं झालं, असं नाही. ते हळूहळू सुकतं. दोन-तीन महिन्यांनी एकदा चाक हलवून आत पातळ पदार्थ डुचमळतो का ऐका, नसेल तर व्हॉल्व्हमधून थोडं घाला, आणि मग हवा पुन्हा तुमच्या आकड्यावर आणा.