झोपलेला लॅपटॉप बॅगेत का तापतो? अकोल्याहून तिसरी नोंद

मागच्या नोंदीत दोन तक्रारी मांडल्या होत्या. काम करताना कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नाही आणि झाकण मिटून बॅगेत टाकला तरी दोन तासांनी गरमच लागतो. दोन्हींचं मूळ एकच असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं निघालं नाही.

पहिली लवकर सुटली. मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढला, पंखा बाजूला केला, तर पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या, पात्या यांच्यामध्ये धुळीचा जाड थर. चिमट्यानं धरला तसा गादीतल्या जुन्या कापसासारखा एकसंध सुटून आला. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो. त्या दमट हवेत धूळ चिकटून बसत असावी. ब्लोअर मारताना पंखा काडीनं अडवून धरा, मोकळा भिरभिरला तर बेअरिंगला धोका असतो. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, वाळून भेगाळली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली आणि स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमानं थोडे थोडे आवळले. तोच व्हिडिओ एन्कोड करून पाहिला: प्रोसेसर आधी 96 अंश, आता 81. खोलीत दोन्ही वेळा 34 अंश होते. तुमचे आकडे कळवाल तेव्हा खोलीचं तापमान सोबत लिहा. विदर्भातला मे आणि महाबळेश्वरचा मे यांची नाहीतर तुलनाच होत नाही.

आता झोपेचं. रात्री झाकण मिटताना बॅटरी 90 टक्के, आठ तासांनी 56. बॅटरी 51 वॉट-तासांची, म्हणजे 17 वॉट-तास गेले, सरासरी दोन वॉटच्या वर. टेबलावर हे जाणवणारही नाही, पण कापडी कव्हरात आणि वर बंद बॅगेत ती उष्णता जाणार कुठे? साठतच राहते आणि उष्णता लिथियम बॅटरीचं आयुष्य खाते, हे मला जास्त लागतं.

पहिला संशय वायरलेस माउसच्या रिसीव्हरवर. त्याची लॅपटॉपला जागं करण्याची परवानगी काढली. बॅगेत आपोआप स्क्रीन सुरू होणं थांबलं, पण गरमी तशीच. मग लिनक्स या माझ्या ऑपरेटिंग सिस्टीमची मेम-स्लीप फाइल उघडली, तिच्यात झोपेचे उपलब्ध प्रकार दिसतात. तिथे फक्त एस-टू-आयडल हा प्रकार, डीप, म्हणजे जुनी एस-3 झोप, नाहीच. मेमरी सोडून जवळजवळ सगळ्याची वीज तोडणारी ही झोप अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, दिलेलीच नसते. एस-टू-आयडलमध्ये प्रोसेसर रिकामा बसतो, पण सगळी चिप खोल झोपेत जायला प्रत्येक घटकानं आधी शांत व्हावं लागतं. एकानं जरी डोळे उघडे ठेवले, तरी सगळं घर जागं. खोल झोपेत किती वेळ गेला, हे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक काउंटर मोजतो. माझ्याकडे आठ तासांनंतर तिथे शून्य!

दोन संध्याकाळी एकेक घटक बंद करून अर्ध्या तासाची झोप दिली. वायफाय, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रत्येक वेळी शून्य. शेवटी एसडी कार्ड रीडर. वर्षभरात मी त्यात एकदाही कार्ड घातलेलं नाही. बायॉसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, तो बंद केला आणि काउंटर हलला. तो मोठा आकडा बघून खुर्चीतून उठलोच मी. नंतर रीडर पुन्हा सुरू करून पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनातून त्याची वीजबचत चालू केली, तरी काउंटर चालतोय. रीस्टार्टनंतर टिकावं म्हणून यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना सेटिंग लावणारा भाग) नियम लिहिला.

आता आठ तासांत 4 टक्के, म्हणजे पाव वॉट. पहिल्या पंधरा मिनिटांत पंखा एकदा फिरतो, तो का, हे अजून शोधायचंय.

काल अकोला ते नागपूर रेल्वेत चार तास तो बॅगेत होता. बाहेर 43 अंश. नागपूरला काढला तेव्हा शेजारच्या स्टीलच्या डब्याइतकाच कोमट होता, बॅटरी 2 टक्क्यांनी उतरलेली.