मचान उभं झालं! पोळा ते कार्तिक, आमच्या शेतावरचं काम

मागच्या हिवाळ्यापासून तुम्हा सगळ्यांना म्हणत होते की शेतात मचान बांधायचं आहे, तर यंदा ते झालं. दोनदा खोलून बांधावं लागलं, सोयाबीनच्या सोंगणीत आठ दिवस कामाला हातच लागला नाही, पण झालं. बारीकसारीक सगळं लिहिते, कारण पुढच्या वर्षी कोणी बांधणार असेल तर आमच्या चुका त्याला कामी येतील.

आधी कशासाठी ते सांगते. आमचं शेत बोर धरणाच्या बाजूला, वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, जंगल लागूनच आहे. साडेचार एकर, निम्म्यात कपाशी अन् निम्म्यात सोयाबीन-तूर. दिवस मावळला की रानडुकरं येतात, पहाटे रोही (नीलगाई) येतात, म्हणजे जागलीला (रात्रीच्या राखणीला) कोणीतरी लागतंच. इतके वर्ष मामाजी (माझे सासरे) धुऱ्यावर (बांधावर) खाट टाकून बसायचे. बोर 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथून वाघ-बिबट कधी कुठे निघेल सांगता येत नाही, अन् त्याहून मला जास्त भीती मण्यारीची वाटते. पावसाळा संपता संपता खाली झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि कित्येकदा त्याला चावलेलंही कळत नाही. काही लोक डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सरळ लाईन सोडतात, ते मला अजिबात पटत नाही, त्यात जनावरं मरतात अन् माणसंही मरतात. झटका मशीन वेगळी, तिचा झटका क्षणभराचाच असतो, ती आम्ही कपाशीच्या बाजूने लावली. बाकी बाजूला माणूस जागा पाहिजे अन् तो उंचावर पाहिजे. आणि खरं सांगते, मला स्वतःला तिथून पाखरं पाहायची होती.

पोळा झाल्यावर लाकडाची जमवाजमव सुरू केली. जूनच्या वादळात धुऱ्यावरची जुनी बाभूळ पडली होती, तिच्यातून चार मेढी (खांब) निघाल्या, वरच्या टोकाला दुबेळकं असलेल्या, बारा-बारा फुटांच्या. साल काढून खालचा तीन फुटाचा भाग आगटीवर चांगला काळा होईपर्यंत भाजला अन् त्यावर ट्रॅक्टरचं जळालेलं ऑईल दोन हात दिलं, उधई (वाळवी) लागू नये म्हणून. बांबू आमच्याच धुऱ्यावरचा, कटांग जातीचा. 2017 मध्ये वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू काढला तेव्हापासून शेतातल्या बांबूचं बरंच सोपं झालं आहे, नाहीतर आधी स्वतःचा बांबू नेतानाही धाकधूक असायची. मामाजी म्हणाले, “बांबू अंधाऱ्या पाखातच तोडजा, उजेडी पाखात तोडला तं भुंगा लागते.” म्हणून पितृपक्षाच्या दुसऱ्याच दिवशी तोडला. पाखाचं (पंधरवड्याचं) किती खरं ते मी सांगू शकत नाही, पण भुंगा बांबूतल्या पिठासाठीच येतो एवढं पक्कं, म्हणून तोडलेले बांबू शेततळ्यात दगड ठेवून बुडवले ते थेट दसऱ्यानंतर काढले. तीन आठवड्यांवर झाले. पाणी काळं पडलं, वास असा सुटला की आमचे हे चार दिवस तिकडे फिरकले नाहीत, पण आजपर्यंत एकाही बांबूतून भुसा पडलेला नाही. घरी मांडवासाठी तसेच न भिजवता ठेवलेले दोन बांबू मात्र आताच पोखरायला लागलेत, रोज सकाळी खाली पिवळं पीठ दिसतं.

मधल्या दिवसांत मोठ्या पोरीच्या भुलाबाईचं (आमच्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण) काम निघालं. मखराला ज्वारीचे पाच धांडे लागतात अन् आमच्या गावात आता ज्वारी पेरते कोण! आजूबाजूच्या तीन गावांत विचारलं, शेवटी माझ्या माहेरून बसने धांडे आणले. आईनी (माझ्या सासूबाई) ओसरीत शेणानं सारवून मखर उभं केलं, रोज संध्याकाळी पोरींची गाणी, मग खिरापत ओळखायचा गोंधळ. मी ठरवलं आहे, पुढच्या वर्षी धुऱ्याच्या कडेला चार तास (ओळी) ज्वारी टाकायचीच, भुलाबाईसाठी अन् पाखरांसाठीही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी खड्डे खोदले. सहा बाय सात फुटाचा चौकोन, खड्डे अडीच-तीन फूट. आमची काळी माती, तिला पावसाळ्यात फुगायची अन् उन्हाळ्यात भेगा पडायची सवय, म्हणून नुसती माती न भरता मुरूम अन् दगडगोटे ठोकून भरले. मेढीवर आडवे बांबू, त्यावर उभे, त्यावर तुऱ्हाटीची ताटी, वर पोती. उंची जमिनीपासून साडेआठ फूट. बांधायला मामाजींच्या हातचे अंबाडीचे दोर. छपराला तिखाडी (गवत) कापून आणली, ओली असताना तिचा वास फार सुंदर येतो, अख्खं घर त्या वासानं भरलं होतं. छपराचा उतार पहिले मी कमी ठेवला होता, दिसायला बरं दिसत होतं, पण दसऱ्यानंतरच्या एका पावसात सगळं पाणी आत आलं. गवताच्या छपराला उतार खडाच पाहिजे, पाण्याला थांबायला वेळच नाही मिळाला पाहिजे. ते खोलून परत बांधलं, हे पहिलं खोलणं.

कोजागिरीला दूध वरच पिऊ म्हणून (चूल खाली, माणसं वर) सगळे चढलो. सहा माणसं. लहाना जरा उड्या मारायला लागला तर अख्खं मचान झुलायला लागलं, दुधाचा गंज (पातेलं) हातात धरून बसावं लागलं. मामाजी खालून पाहत होते, म्हणाले, “सुनबाई, हे तं झोका झाला ना वो. तिरपे नाई टाकले तुम्ही.” खरंच नव्हते टाकले. चार उभे अन् चार आडवे एवढ्यावर ढाचा उभा राहतो, पण बाजूचा जोर तो सहन करत नाही, चौकोन तिरका होऊन जातो, त्रिकोण होत नाही. त्यात बांबू सुकून बारीक झाले आणि दोर ढिले पडले. मग दिवाळीच्या आधी दोन दिवस हेच काम, तिन्ही बाजूंनी फुलीसारखे तिरपे बांबू, चौथी बाजू शिडीसाठी मोकळी, सगळे दोर सोडून पुन्हा आवळले आणि प्रत्येक गाठीत बाभळीची पाचर ठोकली. आता चार जण एकदम चढले तरी हलत नाही. तुम्ही बांधाल तर तिरपे पहिल्याच दिवशी टाका अन् पंधरा दिवसांनी गाठी परत आवळायच्या आहेत हे धरूनच चाला.

दिवाळीच्या अमावस्येला फटाके आटोपल्यावर आम्ही दोघं अन् दोन्ही पोरं वर गेलो. अंधार इतका छान की पूर्वा-उत्तरा भाद्रपदाचा चौकोन पोरांनी स्वतः शोधला, तिथून उत्तरेकडे सरकत देवयानी आकाशगंगा, डोळ्यांनी नुसता धुरकट ठिपका, 10×50 च्या दुर्बिणीतून लांबट ढगासारखी. मोठीला सांगितलं हा उजेड तिथून निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली, तर ती बराच वेळ काहीच बोलली नाही, दुर्बीणही कोणाला देईना.

आता पाखरांचं, ज्यासाठी तुम्ही वाट पाहत असाल. उंचीनं किती फरक पडतो हे मला आधी कळलंच नव्हतं. खाली उभं राहिलं की तुरीच्या वरचं काहीच दिसत नाही, वरून पूर्ण शिवार दिसतं. धोबी पक्षी दसऱ्याआधीच आले होते, तळ्याच्या काठावर शेपूट हलवत. दसऱ्याच्या सकाळीच विजेच्या तारेवर नीळकंठ बसलेला दिसला, त्या दिवशी तो दिसणं शुभ मानतात म्हणून आईंना हाक मारून दाखवला. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या वावरावर कापशी घार रोज येते, एका जागी पंख फडफडवत थांबते अन् सरळ खाली, बहुतेक वेळा उंदीर घेऊनच वर. गप्पीदास कपाशीच्या शेंड्यावर. भोवत्या (शिकारी पक्षी) पहिल्यांदा दिसला तो लहान्याला, एकदम जमिनीला घासून उडत होता, “आई, ती घार पाय, पडते वाटते!” म्हणे. पडत नव्हता, तो शिकारच तशी करतो, पंख वर उचलून वाऱ्यावर तरंगत. कोणता भोवत्या ते मात्र नक्की नाही, मादी होती, माँटेग्यूचा की पांढुरका हे माद्यांमध्ये मला ओळखता येत नाही, मानेजवळचा फोटो कोणाला काढता आला असेल तर फरक दाखवा.

5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 चा अन् सलीम अलींचा 12 चा, म्हणून हा आठवडा. चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीची कितीतरी वर्षं आपल्या नवेगाव-नागझिऱ्यात काढली, म्हणून आम्हाला तो आठवडा घरचा वाटतो. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात मचानावरून मोजणी केली, वहीत मोठी लिहायची. आठ दिवसांत 41 जाती झाल्या, आमच्यासाठी हा सगळ्यात मोठा आकडा. अमूर ससाणे काही दिसले नाहीत, ते सायबेरिया-चीनकडून आफ्रिकेला जाताना याच दिवसांत भारतावरून जातात, पुढच्या वर्षी परत डोळे लावून बसू.

उरलेल्या बांबूचे मी पक्षीथांबे केले, इंग्रजी टी सारखे, हरभऱ्याच्या वरून फूट-दीड फूट उंच राहतील असे. हरभरा सोयाबीनच्या जागी दिवाळीनंतर पेरला, अजून चार बोटंच आहे, पण कोतवाल पक्षी आतापासून येऊन बसतात. घाटेअळीच्या (हरभऱ्याचे घाटे खाणाऱ्या अळीच्या) वेळेस ते किती खातात ते वहीत लिहिणार आहे. आमच्या यांचं म्हणणं, फवारणी एक तरी वाचली तर थांबे लावल्याचं सार्थक.

अन् कार्तिकात रोडगे. ज्यांनी ज्यांनी खड्डे खोदायला, मेढी उभ्या करायला हात लावला त्या सगळ्यांना बोलावलं, वीस-बावीस माणसं. कणीक जाडसर दळलेली, एकात एक चार पाऱ्या, मधे तेल, वरून तोंड बंद करून गोळा, आणि गवऱ्यांचा आर (निखारे) झाला की त्यात पुरायचे. सोबत वांग्याची भाजी, चुलीवरची, लाल तिखट. रोडगा फोडला की आत थर सुटले पाहिजेत, यावेळी पहिल्या खेपेला आर जास्त होता म्हणून वरून करपले, दुसरी खेप राखेत हळू हळू भाजली, ती जमली. जेवून झाल्यावर अर्धी माणसं मचानावर चढून पाहून गेली, शेजारच्या काकाजींनी मेढीची जाडी वितीनं मोजून नेली, त्यांना पण बांधायचं आहे.

सध्या तुरीला फुलोरा आहे अन् दोन दिवस झाले पहाटे धुवारी (धुकं) पडते, फुलं गळतात म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर आहे. मामाजी आता रोज मचानावरच झोपतात, मच्छरदाणी लावून. काल संध्याकाळी डबा द्यायला गेले तर म्हणाले, “ती दुर्बीण राहू दे इथंच, सकाळी नाल्याच्या काठी लांब चोचीचं काईतरी येते, मले पाह्यचं आहे.” ठेवून आले. चोच खाली वाकलेली की सरळ, एवढं पाहून ठेवायला सांगितलं आहे.